'बनगरवाडी'चा नायक कोण? : एका प्रकल्पाची आणि एका अर्जाची हकीकत

नोकरी सांभाळून बहिःस्थ एम. ए. मराठी केलं. शेवटच्या सत्राला प्रकल्प होता. विषय घेतला 'बनगरवाडी'चा : कादंबरीतली आणि चित्रपटातली आशयसूत्रं नि व्यक्तिरेखा. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ ची, अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ चा. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे माणदेशातल्या एका धनगरवाडीवर बंद पडलेली शाळा उघडायला निघालेला तो पोरगेला मास्तर मला परका वाटणं शक्यच नव्हतं. विषय लगेच मिळाला, मार्गदर्शक सर भले निघाले, लिखाण सुट्टीत उरकलं. त्यावर फार सांगण्यासारखं काही नाही.

सगळं अडलं ते आराखड्याच्या अर्जावर.

अर्ज एकाच पानाचा. 'नायक', 'नायिका', 'खलनायक', 'दुय्यम पात्रे' असे रकाने आणि खाली दोन ओळींची जागा : 'मध्यवर्ती आशयसूत्र (एका वाक्यात)'. कधीकाळी कुणीतरी कुठल्या संगीत नाटकासाठी केलेला असावा, मग झेरॉक्सची झेरॉक्स होत तो सगळ्यांच्या गळ्यात पडला. ज्यांनी 'बनगरवाडी' वाचली आहे त्यांना माझी पंचाईत कळेल. नायक लिहायचा कुणाला?

पहिलं उत्तर अर्थातच मास्तर. गोष्ट तोच सांगतो. तो शाळा उघडतो, लोकांची कागदपत्रं बघतो, भांडणं मिटवतो, वाडीकडून तालीम बांधून घेतो. उद्घाटनाला साक्षात औंध संस्थानचे राजेसाहेब येतात. इथपर्यंत तो नायकच आहे. पण पुढं दुष्काळ पडतो, मेंढरं मरायला लागतात, माणसं बिऱ्हाडं उचलून वाट फुटेल तिकडे जातात आणि शाळेत पोरंच उरत नाहीत. मास्तरला त्यातलं काहीही थांबवता येत नाही. तो बघत राहतो आणि शेवटी तोही निघतो. ज्याच्या हातून शेवट एका बोटानंही हलत नाही, त्याला नायक म्हणायला माझा हात धजेना. मग कारभारी? वाडी त्याच्या शब्दावर चालते, मास्तरचा खरा आधारही तोच. पण तो मध्येच मरतो आणि कादंबरी पुढं चालूच राहते.

नायिकेचं तर विचारूच नका. कारभाऱ्याची पोरगी अंजी आहे, पण ती कितीशी पानं येते! मी रकाना कोरा ठेवला. खलनायकासमोर 'दुष्काळ' लिहिलं आणि अर्ज दिला.

परत आला. समितीनं पेन्सिलनं खूण केली होती : 'पात्राचे नाव लिहावे.' खिडकीवरचे बाबू म्हणाले, "मॅडम, रकाना कोरा असला की कॉम्प्युटरवर पुढं जातच नाही." म्हटलं, 'लागू नाही' लिहू का? "खलनायकाला चालेल बहुतेक. नायकाला नाही चालायचं." मी नायकासमोर 'वाडी' लिहिलं. पुन्हा तीच खूण, तीच पेन्सिल. समितीतल्या कुणाशी बोलता येईल का विचारलं, तर समिती 'बसली की बसते' असं उत्तर मिळालं. तिथल्या बाकावर माझ्यासारखेच आणखी दोघं-तिघं होते. एकाचा विषय संतचरित्रपर चित्रपट. त्यालाही खलनायक हवा होता. त्यानं बिचाऱ्यानं 'समाज' लिहिलं होतं.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो बाई, मास्तर, अंजी, दादू बालट्या लिहून टाका आणि मोकळ्या व्हा. आत तुम्हाला काय लिहायचं ते लिहा." मास्तरला पदोपदी नडणारा दादू खलनायकाच्या रकान्यात बसलाही असता. पण तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांच्या हातात आधी आराखडाच असतो आणि प्रश्न त्यावरूनच निघतात. आत एक, बाहेर एक, असं करून मी तिथं काय तोंड दाखवणार होते? शिवाय दुष्काळाचं पाप दादूच्या माथी मारायचं मला पटत नव्हतं.

शेवटी चिडूनच घरी एक पान लिहिलं. प्रत्येक पात्र गोष्टीतून काढून पाहिलं : हा नसता तर काय थांबलं असतं? कारभारी नसता तर पोरं शाळेत आली नसती. दादू नसता तर मास्तरचा त्रास वाचला असता, दुष्काळ वाचला नसता. मास्तरच्या सोबतीला राहणारा आयबू नसता तर मास्तर त्या शाळेत रात्री एकटा राहिला असता. आनंदा रामोशी नसता तर भुरट्या चोऱ्या करणाऱ्यालाही वाडी कशी आपला म्हणते ते कळलं नसतं. आणि शेकूची बायको. तिला नायिका कोण म्हणेल? शेकूकडं बैल एकच, दुसरा मिळत नाही, पाऊस झालेला, पेरा खोळंबलेला. जुवाच्या एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला ती. 'गरिबी', 'दारिद्र्य', 'कष्ट' असले शब्द माडगूळकर तिथं वापरत बसत नाहीत. बाई खांदा देते एवढंच दाखवतात. माझ्या मते कादंबरीचं आशयसूत्र त्या जुवाखाली आहे, पण ते 'एका वाक्यात' कसं लिहायचं, हे अर्ज काढणाऱ्यानं सांगावं.

हे पान मी 'पुरवणी' म्हणून अर्जाला टाचलं आणि सगळ्या रकान्यांत लिहिलं : 'सोबत जोडलेली पुरवणी पाहा.' मंजूर झालं! कुणी पुरवणी वाचली असेल असं मला वाटत नाही. रकाना भरला, गाडी पुढं गेली. तेव्हा तुमच्या पुस्तकात नायक सापडत नसेल तर पुरवणी जोडा. खिडकीवर वाद घालून काही होत नाही, मी घालून पाहिला आहे.

मैत्रिणी म्हणतात, त्या अर्जामुळं तुझा विचार तरी पक्का झाला. त्या अर्जाला मी हे श्रेय मुळीच देणार नाही. विचार मी केला; अर्जानं माझे शनिवार खाल्ले.

आता उपयोगाचं, आठवेल तसं.

चित्रपट पहिल्यांदा बघताना वही जवळ घेऊ नका, नुसता बघा. दुसऱ्यांदा प्रत्येक प्रसंगापुढं मिनिट-सेकंद टाका. कादंबरीची आवृत्ती सुरुवातीलाच लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तीच प्रत वापरा. ग्रंथालयातली आणि घरातली अशा दोन प्रतींतून संदर्भ काढले तर पृष्ठांकांचा असा घोळ होतो की विचारू नका.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरचं १९२७ मधलं सपाट (एकाच गुणाची) आणि गोलाकार (अनेक पैलूंची) पात्रांचं वर्गीकरण सगळ्यांच्या प्रकल्पात एकेक पान खातं. टाकायचं तर टाका, पण पात्रांना चिठ्ठ्या चिकटवून थांबू नका. 'बनगरवाडी'त कित्येक माणसं पानभर येतात आणि जातात. ती सपाट ठरवून आपल्या हाती काय लागतं? सगळ्यांची मिळून वाडी होते, ते कसं होतं हे लिहायला हवं.

कादंबरी आणि चित्रपट यांची तुलना म्हणजे 'हे गाळलं, हे घातलं' अशी यादी नव्हे. मी एकच प्रसंग धरून बसले : अंजीच्या चोळीचा. ती मास्तरकडं चोळी शिवून आणायला कापड देते, कारभाऱ्याच्या कानावर जातं आणि त्याचं मन फिरतं. कागदावर गोष्ट सांगणारा मास्तरच. अंजीबद्दल मनात काय आलं, त्यातलं किती सांगायचं नि किती गिळायचं, हे त्याच्या हातात. वाचणाऱ्याला तो स्वतः दिसतच नाही, त्याला दिसलेलं तेवढं दिसतं. पडद्यावर मास्तर झालेल्या चंद्रकांत कुलकर्णींचा चेहराच समोर येतो. आता मास्तरला लपायला जागा नाही. कारभारी झालेले चंद्रकांत मांढरे त्याच्याकडं बघतात तेव्हा आपणही कारभाऱ्याच्या बाजूनं त्याच्याकडं बघायला लागतो. कादंबरी वाचताना मला कारभाऱ्याचा राग आला होता, चित्रपट बघताना तो बाप वाटला. यावर माझी सगळ्यात जास्त पानं झाली आणि ती लिहिताना मजा आली, हे मुद्दाम सांगते, कारण बाकीचं रडगाणंच जास्त झालंय.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी प्रकल्प बाजूला ठेवला आणि ती पुरवणी उघडली! म्हणजे वाचणारं कुणीतरी निघालं. म्हणाले, "वाडी नायक आहे, मान्य. मग पडद्यावर?" मी म्हटलं, पडद्यावर मास्तर दिसायला लागतो, म्हणून प्रेक्षक त्याला आपोआप नायक करायला निघतो, दिग्दर्शकाला त्याला सतत वाडीत परत ढकलावं लागतं. ते काही बोलले नाहीत, चहा मागवला. गुण चांगले पडले.

बाइंडिंग मार्गदर्शकांची सही झाल्याशिवाय करू नका. आणि आराखडा जितक्या वेळा द्याल तितक्या वेळा तुमच्या प्रतीवर पोचशिक्का मारून घ्या. माझा अर्ज मुदतीनंतर आला असं मध्येच निघालं होतं, तेव्हा तो शिक्काच कामी आला. शिक्का दुसऱ्या खिडकीवर मिळतो आणि तिथली जेवणाची सुट्टी पाटीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा लांबते, म्हणून सकाळीच जा.