खाड्याचा हिशेब

डिसेंबरात आमच्या भागात देवळात आगमनकाळ असतो आणि शिवारात ऊसतोड. (नगरकडचे आम्ही जुने ख्रिस्ती लोक चर्चला अजूनही देऊळच म्हणतो.) नाताळाआधीचे चार रविवार, व्यासपीठावर जांभळं कापड, दर आठवड्याला एक मेणबत्ती जास्त. उपासना चालू असताना बाहेरून उसाचे ट्रक जात राहतात आणि पाळकसाहेबांना मध्येच थांबावं लागतं.

आगमनाच्या दुसऱ्या रविवारी त्यांनी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानावर प्रवचन केलं. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक योहानाला विचारतात, मग आम्ही करायचं काय? उत्तर फार साधं आहे. दोन अंगरखे असतील त्यानं एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी कोणाला लुबाडू नये, पगारात भागवावं. मसीहाची वाट पाहणाऱ्यांना हा माणूस उपासतापास सांगत नाही, देण्याघेण्याचा हिशेब सांगतो. मी वकील असल्यामुळे असेल, मला ते आवडलं.

त्याच आठवड्यात 10 डिसेंबर, म्हणजे मानवी हक्क दिन आला. तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलवर मी आहे, आणि त्या दिवशी ऊसतोड कामगारांच्या तळावर शिबिर लावलं होतं. शिबिरं कशी होतात ते सांगायला नको. फलक, फोटो, चहा, भाषण, आणि बायका आपापल्या चुली सोडून कशाबशा बसलेल्या. मी ठरलेलं बोलले: मोफत वकील मिळतो, 15100 वर फोन करा, बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही.

शिबिर संपल्यावर पाटोद्याकडची एक बाई थांबली. हातात पोरीच्या शाळेच्या दोन वह्या.

"मॅडम, वकील नको मला. एवढा हिसाब करून द्या. किती फिटली तेवढं सांगा."

नवऱ्याच्या पायावर कोयता बसला होता. आठवडा झाला, जखम चिघळलेली, आणि तिला त्याला बीडला घेऊन जायचं होतं. मुकादम म्हणत होता, आधी मागची बाकी 62 हजार टाक, मग जा. तिचा मोबाइलही त्याच्याकडे होता, 'चार्जिंगला' म्हणे.

हा व्यवहार माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. सीझनआधी मुकादम कोयत्यामागे उचल देतो, आणि ती पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून फेडायची. 2024 च्या जानेवारीतल्या करारानं तोडणीचा दर टनाला 273 वरून 366 रुपये झाला. आजारपण, पाळी, मयत, कशानंही काम चुकलं की तो खाडा. त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर दंड.

वह्यांत तिच्या सातवीतल्या पोरीनं मागचा अख्खा सीझन लिहिला होता. तारीख, ट्रक, काट्यावरचं वजन. वजन ड्रायव्हरला विचारायचं. टोळीत दहा कोयते, म्हणून दहानं भागायचं. भागाकार बरोबर होते, एक-दोन ठिकाणी दशांशचिन्ह घसरलं होतं तेवढंच. चिपाडांच्या ढिगाला टेकून आम्ही तिघी बसलो. बेरीज 190 टनांची आली. 366 नं गुणलं तर 69,540. उचल एक लाखाची.

म्हणजे राहिले 30,460.

मी दोनदा तपासलं. आकडा निम्मा झाला म्हणून ती खूश झाली, मी नाही. एकाही दिवसाची लबाडी न धरता, चोख दरानं, दोन माणसं पहाटेपासून अंधारापर्यंत राबली आणि तरी तीस हजारांनी बुडीतच. तिथं लबाडी शोधायला गेलेल्या माणसाला खरा हिशेबच जास्त छळतो.

मुकादमाला बोलावलं. त्याची वही बघितली. 21 खाडे, हजारानं 21 हजार. उरलेले 10,540 व्याज. मी म्हटलं, गैरहजेरीची मजुरी तुम्ही आधीच धरलेली नाही, मग हा दंड कसला?

"मॅडम, सगळीकडं हाच रिवाज हाय. माझे तीन कोयते उचल घेऊन रातोरात पळाले, त्यो हिसाब तुम्ही मांडणार का? कारखाना माझ्याच मानगुटीवर बसतो."

त्याचं खोटं नव्हतं. योहानाकडे गेलेले जकातदारही असेच मधले लोक, वरून रोमचा दट्ट्या आणि खाली गावाची शिवी. योहान त्यांना धंदा सोडा म्हणाला नाही, पण आकडा मात्र सोडला नाही. मीही सोडला नाही. 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा काढून सांगितला: उचलीच्या नावानं माणसाला जायची बंदी केली की ती वेठबिगारी, प्रकरण प्रांताधिकाऱ्यांकडे जातं, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कर्ज कायद्यानंच संपतं. समितीचे कारकून शेजारी उभे होते, त्याचाही उपयोग झाला. तासाभराच्या घासाघिशीनंतर त्यानं कागदावर 30,460 लिहून सही केली, मोबाइल दिला, आणि दवाखान्याच्या दिवसांचा खाडा धरणार नाही असं कबूल केलं.

आता खरं काम करायचं म्हणून मी प्रांतांच्या नावे अर्ज लिहायला घेतला. मुक्तता प्रमाणपत्र मिळालं तर ते 30,460 सुद्धा उरले नसते. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"नको ताई. आज अर्ज दिला तर ऑगस्टात उचल कोण दील? पावसाळ्यात खायचं काय?"

मी बरंच समजावलं. ती ऐकत होती, पण ठरलेलं होतं तिचं. संध्याकाळच्या एसटीनं दोघं गेली. पोरगी मावशीजवळ तळावर राहिली, म्हणजे कोयत्याची एक दोरी मुकादमाकडे राहिलीच. तो अर्ज मी अजून फाइलीत ठेवला आहे. तिच्या मनाविरुद्ध तो मला द्यायचा नाही, आणि पुढच्या वेळी ती सही देईल असं मला वाटतं. तशी काही खात्री नाही.

रविवारी प्रार्थनेचे विषय विचारले तेव्हा मी हे सगळं उभं राहून सांगितलं. दोघातिघांना आवडलं नाही, राजकारण देवळात आणू नये म्हणाले. युवक संघाची ब्लँकेटं वाटायची फेरी 20 तारखेला ठरली होती, तिच्यात फार बदल नको असंही मत पडलं. आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, एरवी मीटिंगमध्ये झोपतात. उपासनेनंतर चपला घालता घालता त्यांनी मला थांबवलं.

"म्हणजे एकाच दिवसाचे पैसे दोनदा कापतात? आणि सही कोणाची घेतात त्यावर?"

कोणाचीच नाही, म्हटलं.

"मग 20 तारखेला मी येतो. दोन-चार कोऱ्या वह्या घेऊ का बरोबर?"