माजलगावहून खोडदची दुर्बीण बघायला

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, तेव्हा नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ लहरी टिपणारी मोठी दुर्बीण लोकांना बघायला खुली ठेवतात, म्हणून लेकरांना घेऊन गेलतो. रस्ता सोपाय, आपल्या माजलगावातून जो कल्याण-विशाखापट्टणम हायवे जातो तोच धरायचा, पाथर्डी, नगर करत आळेफाटा अन् तिथून डावीकडं नारायणगाव. सहा-सात तास धरा. एका दिवसात जाऊन यायच्या भानगडीत पडू नका, आदल्या रात्री ओझरला भक्तनिवासात राहा, आमच्या आईचं विघ्नहराचं दर्शनपण झालं.

सकाळी लवकर पोचा, नंतर शाळांच्या गाड्या येतात अन् गर्दी होते. सावली कमीय, टोपी, पाणी, भाकरी-ठेचा सोबत असूद्या. आणि मोबाईल बंद म्हणजे खरंच बंद करा, आकाशातून येणारे रेडिओ सिग्नल इतके क्षीण असतात की आपला फोन त्यांच्यापुढं बोंबलल्यासारखा होतो.

एकेक डिश ४५ मीटरची, आणि तिच्यावर पत्रा नाही, बारीक तारेची जाळी. लेक म्हणली, बाबा आरपार दिसतंय की, मग यात काय अडकणार? तिथल्या एका पोरानं लई छान सांगितलं, रेडिओ लहरी लांब असतात, त्यांच्या मानानं जाळीची भोकं बारकी, म्हणून लहर परत फिरते आणि वारा मात्र निघून जातो, त्यामुळं एवढी मोठी डिश हलकी आणि स्वस्तात झाली. ही रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची कल्पना. अशा ३० डिश, १४ मधोमध आणि १६ इंग्रजी वायसारख्या तीन फाट्यांवर २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या, सगळ्या मिळून एकच दुर्बीण. चालवते पुण्याची एनसीआरए, म्हणजे रेडिओ खगोलशास्त्राची राष्ट्रीय संस्था. विद्यार्थ्यांचे प्रयोग असतात तेपण घाई न करता बघा, लेकरं तिथंच जास्त रमतात.

मला तर वाटतं मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेनं इथं यावं, कारण आपल्या हिंगोलीत औंढ्याजवळ लायगो ही वेधशाळा होतेय, २०२३ ला केंद्रानं २६०० कोटी मंजूर केलेत. तिथं चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधे लेझर सोडून गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच बसणारे बारीक हेलकावे, मोजणारेत. आणि त्याच वर्षी पल्सारच्या, म्हणजे घड्याळासारखे नेमाने रेडिओ ठोके देणाऱ्या फिरत्या ताऱ्यांच्या, ठोक्यांवरून अशाच पण फार लांब लहरींचा पुरावा जगापुढं आला त्यात खोडदचा डेटा होता, हे ऐकून अंगावर काटा आला.

विज्ञान दिन सोडून जायचं असेल तर आधी परवानगी काढा, तसंच एवढ्या लांब जाऊ नका.