पहाटे पळायला जाणं: माझं घोडं चहापाशी अडलं होतं

आधीच सांगतो, पळण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. एकदा नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर पोचलं की पुढचं होतं आपोआप. माझी तक्रार आहे ती गादी ते बिल्डिंगचं गेट या अंतराबद्दल. दोन जिने फक्त. ते उतरायला मला चार महिने लागले आणि "मनात जिद्द पाहिजे" असं सांगणाऱ्या सगळ्यांवर माझा अजून राग आहे.

जुलैत रिपोर्ट आला, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) 6.1. म्हणजे 5.7 ते 6.4 च्या मधला, शुगर अजून घरात आलेली नाही पण दारात चपला काढतीये. त्याच आठवड्यात शूज घेतले, घड्याळ घेतलं, प्लॅन काढला. सगळं झालं, पळणं सोडून.

अलार्म पाचचा. माझ्या फोनचा स्नूझ 9 मिनिटांचा, तीनदा दाबला की 5:27. मग उठून अंधारात चाचपडत शूज घालायचे, लाइट लावायचा नाही कारण मुलगी उठते, आणि कडी काढणार तेवढ्यात मागून आईचा आवाज.

"एवढ्या थंडीत कुठं चाललास? घोटभर चहा घेऊन जा."

"आई, आल्यावर घेतो ना."

"ठेवलाय आता. ओतून देऊ का?"

ओतून देऊ का याला जगात उत्तर नाही. मग चहा, चहाबरोबर खारी, खारी संपेपर्यंत पेपर, पेपर उघडला की सव्वासहा, मग मुलीचा डबा, व्हॅन, आणि मी अंबडला कंपनीत. असं किती दिवस? ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. एकदा बायको म्हणाली, "अहो, शूज घालून सोफ्यावरच बसायचंय तर पाय तरी वर घेऊ नका."

उपाय सगळे केले. ट्रॅकपँट घालूनच झोपलो, तर सकाळी ती इतकी उबदार की अजूनच उठवेना. फोन हॉलमध्ये ठेवला, म्हणजे बंद करायला उठावं लागेल, तर अलार्मने आधी आई उठली आणि चहा पाचलाच तयार!! कविता राऊत आपल्याच जिल्ह्यातली, सावरपाड्याची, 2010 च्या दिल्ली कॉमनवेल्थला 10,000 मीटरमध्ये ब्राँझ, तिच्याबद्दल रात्री अकराला वाचून अंगावर काटा यायचा. पहाटे पाचलाही यायचा, पण तो थंडीचा.

हां, एक राहिलं, मोजे रात्रीच शुजात कोंबून ठेवा. अंधारात दुसरा मोजा सापडत नाही आणि तेवढं कारण पुरतं.

तर सुटका कशी झाली. आमची सहा फ्लॅटची जुनी बिल्डिंग, वॉचमन नाही. खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवर चढवायची मोटर तळमजल्यावरचे काका पहाटे लावायचे. डिसेंबरात ते मुलाकडे पुण्याला गेले. मीटिंगमध्ये प्रश्न आला, आता मोटर कोण लावणार, आणि सगळे चपलांकडे बघत असताना आमच्या मातोश्री अभिमानाने म्हणाल्या, "आमचा हा उठतोच की रोज पाचला!"

झालं. दुसऱ्या दिवशी 5:15 ला मी खाली. न जाऊन सांगतो कुणाला, सहा घरांच्या आंघोळी माझ्यावर. टाकी भरायला 40 मिनिटं लागतात. खाली थांबावं तर डास, वर जावं तर चहा. मग काय, पळालो.

पहिल्या दिवशी एक मिनिट पळून दीड मिनिट चालायचं असं करत होतो, तेही जास्त वाटलं. सुरुवातीला तेवढंच करा, आठवड्यातून तीनच दिवस, मधल्या दिवशी मी नुसता चालतो. पळताना बोलता आलं पाहिजे, धाप लागून शब्द तुटत असतील तर स्पीड जास्त आहे. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा उजेडाची वाट बघत बसू नका, फिकट रंगाचा टीशर्ट घाला, गाडीवाल्यांना दिसलं पाहिजे. कुत्री मागं लागली तर पळू नका, चाला (पळायला गेलेल्या माणसाला हे समजायला जड जातं). रविवारी मोटर शेजारच्यांकडे देऊन गोल्फ क्लबला जातो, म्हणजे अनंत कान्हेरे मैदान, पण तिथून परतताना मिसळ होते, त्यामुळे तो दिवस हिशोबात धरत नाही.

आणि 40 मिनिटांत परत यावंच लागतं. एकदा ट्रॅकवर कंपनीतला एक जण भेटला, गप्पांत दहा मिनिटं गेली, आलो तर गच्चीवरचं पाणी पाइपातून धो धो खाली आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीतले ओले कपडे हातात घेऊन उभ्या. तेव्हापासून माझा टाइम चांगलाच सुधारलाय.

आई आता चहा टाकते मोटरचा आवाज थांबला की. काका गेल्या महिन्यात परत आले, मीटररूमची किल्ली मागत होते. अजून दिलेली नाही.