लकी गन

तुर्भे एमआयडीसीतल्या एका गोदामाची तक्रार होती: ऑफिसातल्या विंडोज कॉम्प्युटरवर आमचं सॉफ्टवेअर झकास चालतं, पण बारकोडच्या अँड्रॉइड गन लॉगिनच होत नाहीत. रात्री उशिरा, काम थंडावलं की होतात. वागळे इस्टेटमधल्या आमच्या सपोर्टने ठरलेलं उत्तर दिलं होतं, रीस्टार्ट करून बघा. मग सगळ्यांनी वायफायला शिव्या घातल्या. शेवटी ठाण्याहून वाशीची गाडी पकडून मी गेलो.

वायफाय ठणठणीत होतं. माझा लॅपटॉप आमच्या महापेतल्या सर्व्हरला जोडला आणि टीसीपीडंप लावला, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम. गनकडून ‘सिन’ पॅकेट, म्हणजे कनेक्शन जोडायची पहिली हाक, पोचत होतं. एक सेकंदाने पुन्हा, मग दोन, मग चार. सर्व्हर हू की चू करत नव्हता. फायरवॉलच्या आकड्यांत काही नाही, लॉगमध्ये काही नाही.

सुपरवायझर काका शेजारी उभे होते. म्हणाले, "साहेब, ही एकच गन लकी आहे. पोरं भांडतात हिच्यासाठी."

"हिच्यात वेगळं काय?"

"काही नाही. ही गेटवर असते, रात्रपाळीलाही लागते, म्हणून बंद करत नाही. बाकीच्या रात्री बंद करून कपाटात."

मी सर्व्हरवर ‘नेटस्टॅट मायनस एस’ मारलं, नेटवर्कचे सगळे आकडे दाखवणारी कमांड. शेकडो ओळींत एक होती, टाइमस्टॅम्पमुळे नाकारलेली कनेक्शनं. लकी सोडून कुठलीही गन लॉगिनला लावली की तो आकडा डोळ्यांदेखत वाढायचा. तिथून टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल या सेटिंगपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते एकवर होतं, म्हणजे चालू.

टीसीपी म्हणजे नेटवर्कवर कनेक्शन जोडायची पद्धत. तिच्या पॅकेटात एक टाइमस्टॅम्प, म्हणजे वेळेचा आकडा, असतो, १९९२च्या आरएफसी १३२३ या मानकापासून. या गनच्या जुन्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, तो आकडा यंत्र चालू झाल्यापासून वाढत जायचा. हे सेटिंग चालू असलं की सर्व्हर प्रत्येक आयपी पत्त्याचा शेवटचा आकडा ६० सेकंद लक्षात ठेवतो. त्याहून लहान आकडा घेऊन कोणी आलं, तर ते जुनं भरकटलेलं पॅकेट समजून गुपचूप टाकून देतो. आणि अख्खं गोदाम एकाच सार्वजनिक आयपीमागे! सर्व्हरच्या लेखी ते एकच यंत्र, ज्याचं घड्याळ मागेपुढे उड्या मारतंय. सगळ्यात जास्त वेळ चालू असलेल्या गनचा आकडा सगळ्यात मोठा, बाकीच्या आपोआप ‘जुन्या’. म्हणजे सपोर्टच्या सांगण्यावरून केलेला प्रत्येक रीस्टार्ट त्या गनला रांगेत शेवटी ढकलत होता. विंडोज टाइमस्टॅम्प पाठवतच नव्हतं, म्हणून ऑफिस सुखात.

खात्री करायची होती. "काका, ही लकी गन रीस्टार्ट करा."

"ही? साहेब, एवढीच चालतेय हो!"

शेवटी केली. चालू झाली आणि लॉगिनवर गोल गोल फिरत बसली. दोन-तीन मिनिटांत पलीकडून एक पोरगा ओरडला, "काका, माझी चालू झाली!" काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जादूटोणा केलाय.

सेटिंग शून्यावर आणलं. कपाटातल्या गनसुद्धा एकामागून एक लागल्या.

ही ओळ सर्व्हरवर आली कशी? कोणीतरी कधीतरी ‘ट्यूनिंग’ म्हणून कुठूनतरी चिकटवलेल्या फाइलमधून. टाइम-वेट अवस्थेतली, म्हणजे संपूनही थोडा वेळ रेंगाळणारी, कनेक्शनं हजारोंनी दिसली की माणूस घाबरतो आणि ती लवकर मोकळी करायला हे सेटिंग लावतो. खरं तर ती ६० सेकंद थांबतात, थोडीशी मेमरी खातात आणि जातात. एका पोर्टवर ऐकत बसलेल्या सर्व्हरला त्यांचा काहीच त्रास नाही. कर्नलच्या कागदपत्रांत तर लिहिलेलंच होतं की तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय याला हात लावू नका. लिनक्सच्या ४.१० कर्नलपासून टाइमस्टॅम्पची सुरुवात प्रत्येक कनेक्शनला वेगळी झाली, या सेटिंगला अर्थच उरला नाही, आणि २०१७मध्ये ४.१२मधून ते काढूनच टाकलं. आमचा सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्सवर, म्हणजे ३.१० कर्नल. तिथे ते जिवंत होतं.

निघताना काकांनी विचारलं, "मग आता रात्री गन बंद करायच्या की नाही?"

"खुशाल करा," म्हटलं. "बॅटरी तरी वाचेल."