‘नेटिव्ह’ या एका शब्दासाठी

रिपोर्ट अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयाचा, ऑडिट पुण्यात: विम्याच्या दाव्यासाठी कोडरने रिपोर्ट वाचून लावलेले कोड बरोबर आहेत का, ते तपासायचं. रुग्ण नऊ वर्षांचा. जन्मतः डी-टीजीए, म्हणजे हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यातून महाधमनी आणि डाव्यातून फुप्फुसधमनी निघालेली. जन्मानंतर काही दिवसांतच आर्टेरियल स्विच, म्हणजे दोन्ही धमन्या योग्य कप्प्यांना जोडणारी शस्त्रक्रिया. आता फुप्फुसधमनीच्या फांद्या अरुंद झाल्याची शंका, म्हणून हृदयाच्या दोन्ही बाजूंची कॅथ, म्हणजे रक्तवाहिनीतून कॅथेटर (बारीक नळी) आत नेऊन केलेली तपासणी. कोडरने ९३५९६ लावला होता.

९३५९६ म्हणजे जन्मजात हृदयदोषासाठीची उजवी-डावी कॅथ, कप्पे आणि धमन्यांच्या जोडण्या नॉर्मल. तीच कॅथ, जोडण्या अॅबनॉर्मल असतील तर ९३५९७. डॉक्टरांनी लिहिलं होतं की महाधमनी डाव्या कप्प्यातून आणि फुप्फुसधमनी उजव्या कप्प्यातून निघते. स्विचनंतर ते खरंच तसं असतं. पण कोडच्या वर्णनात ‘नेटिव्ह’ हा शब्द आहे. सर्जनने काय जुळवलं ते इथे बघायचं नाही, मूल काय घेऊन जन्मलं ते बघायचं. स्विच झालेला टीजीए, दुरुस्त केलेला फॅलो (चार दोष एकत्र असलेला हृदयविकार), फॉन्टान शस्त्रक्रिया झालेलं एका कप्प्याचं हृदय, हे सगळे कायम अॅबनॉर्मल. नुसता एएसडी, व्हीएसडी (कप्प्यांमधल्या पडद्यातली छिद्रं) किंवा पीडीए (जन्मानंतर बंद न झालेली वाहिनी) असेल तर नॉर्मल. आणि फक्त पीएफओ (वरच्या कप्प्यांमधलं, जन्मानंतर न मिटलेलं छोटं छिद्र) किंवा दोन पाकळ्यांची महाधमनी झडप असेल, तर ही मालिकाच लागत नाही. ९३४५१पासूनच्या नेहमीच्या कॅथ कोडकडे जायचं.

२०२२पूर्वीच्या ९३५३० ते ९३५३३ या मालिकेत हा प्रश्नच नव्हता. तिथे कॅथेटर डाव्या बाजूला कुठल्या वाटेने गेला ते पाहावं लागे: महाधमनीतून उलटा, पडदा टोचून, की आधीच्या छिद्रातून. जुन्या लोकांचे डोळे अजून ती वाटच शोधतात. नव्यांना कोड पाठ करून घेतात, हृदयाची आकृती काढायला कोणी लावत नाही. ही चूक मी कोडरच्या नावावर टाकायला तयार नाही.

खरी मेहनत इंजेक्शनच्या, म्हणजे कॅथेटरमधून डाय (एक्स-रेमध्ये दिसणारं द्रव्य) सोडण्याच्या, कोडमध्ये होती. रिपोर्टमध्ये ‘दोन्ही फुप्फुसधमन्यांची अँजिओ’ एवढंच. कॅथेटर मुख्य धमनीत ठेवून डाय सोडला आणि दोन्ही फांद्या दिसल्या, तर ९३५६८. उजव्या आणि डाव्या फांदीत वेगवेगळा नेऊन सोडला, तरच ९३५७३. चित्रात काय दिसलं यावर कोड ठरत नाही, कॅथेटरचं टोक कुठे होतं यावर ठरतो. कोरोनरीचंही, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचंही, तेच. स्विचमध्ये कोरोनरी उचलून नव्या महाधमनीत बसवतात, म्हणून त्या तपासणं योग्यच. पण महाधमनीच्या मुळाशी सोडलेल्या डायमध्ये त्या दिसल्या तर फक्त ९३५६७. ९३५६३साठी कोरोनरीच्या तोंडात कॅथेटर बसलेला लिहिलेला हवा. हृदयाचं आउटपुट (मिनिटाला पंप होणारं रक्त) फिक पद्धतीने, म्हणजे ऑक्सिजनच्या हिशोबाने, काढलं होतं, ते कॅथमध्येच धरलेलं असतं. ९३५९८ फक्त थर्मोडायल्यूशन (थंड द्रव सोडून तापमानातला बदल मोजणं) किंवा तत्सम इंडिकेटर पद्धतीसाठी. तोही लावलेला होता, काढला.

डॉक्टरांना क्वेरी पाठवली. क्वेरीत उत्तर सुचवायचं नसतं, म्हणून ‘दोन्ही फांद्यांत गेलात ना?’ असं न विचारता ‘प्रत्येक इंजेक्शनच्या वेळी टोक कुठे होतं?’ असं विचारलं. कोरोनरीबद्दलही तेच. तिसरा प्रश्न निदानाचा: फांद्यांचं अरुंद होणं जन्मतः की नंतरचं?

अॅडेंडम, म्हणजे रिपोर्टची पुरवणी, आलं. डाय उजव्या-डाव्या फांद्यांत वेगवेगळा सोडला होता, कोरोनरी मुळाच्या इंजेक्शनमध्येच दिसल्या. म्हणजे ९३५९७ला २६ मॉडिफायर (फक्त डॉक्टरांच्या कामाचं बिल), सोबत ९३५७३ आणि ९३५६७. ९३५६३ काढला.

तिसऱ्या प्रश्नावर एक अक्षर नाही. आयसीडीच्या (निदानाच्या कोडच्या) सूचीत फुप्फुसधमनीच्या स्टेनोसिसपुढे (अरुंद होण्यापुढे) ‘जन्मजात’ हा शब्द कंसात आहे. त्यामुळे डॉक्टरांनी काहीच लिहिलं नाही तर आपोआप जन्मजातचा क्यू२५.६, आय२८.८ लावायला ‘नंतर झालेलं’ असं लेखी हवं. स्विचमध्ये फुप्फुसधमनी बहुधा महाधमनीच्या पुढे आणतात, फांद्या तिच्या दोन्ही बाजूंनी ताणल्या जातात आणि त्या ताणाने अरुंद होतात. हे कॅथ लॅबमधल्या प्रत्येकाला माहीत असतं. मलाही माहीत आहे, पण माझ्या माहितीवर कोड लावता येत नाही. टीजीए दुरुस्त झालेला, म्हणून त्यासाठी झेड८७.७४ (दुरुस्त झालेल्या जन्मजात दोषाचा पूर्वेतिहास) आणि शेजारी क्यू२५.६, असा दावा गेला. नियमाने तो बरोबर आहे. पण या मुलाच्या नोंदीत आता लिहिलंय की त्याच्या धमन्या जन्मापासूनच अरुंद होत्या, आणि पुढची कॅथ वाचणारा ते खरं धरेल. दुसरी क्वेरी मी त्याच दिवशी टाकली. ती अजून उघडी आहे.