खुराडं उभं राहिलं!

ठाण्याच्या जंगलालगतच्या आमच्या येऊरच्या घरामागे आज दिवसभर ठाकठोक. सहा गावठी तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, येणार, एकीला चार चौरस फूट धरले तर आतली जागा चार बाय सहा. दुकानदार ती स्वस्तातली षटकोनी कोंबडीजाळी गळ्यात मारत होता. ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर नाही! अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळीच आणली, फूटभर जमिनीत पुरली. घूस खालून उकरते ना. बिबट्या आला तर मात्र आमचं सुतारकाम त्याने बघून हसावं इतकंच.

खरा वाद झाला हवेवरून. बाबा म्हणाले, पावसाळा आहे, चारही बाजूंनी पत्रा ठोका. पण विष्ठेतून अमोनिया सुटतो, ओल्या भुश्यात तर जास्तच, आणि कोंडलेल्या हवेत कोंबड्यांची छाती भरते. शेवटी नैऋत्येची बाजू बंद, छपराखाली वीतभर जाळी मोकळी, वरचा पत्रा दोन फूट पुढे. बाबांना अजून पटलेलं नाही. बसायचा दांडा अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच ठेवलाय, नाहीतर त्या खोक्यातच झोपून घाण करतात.

आईचा एकच प्रश्न, अंडी कधी? अगं, त्या पाच-सहा महिन्यांच्या तर होऊ देत!