कोपलेला सूर्य आणि खरे कोपिष्ट तारे

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकला की डोक्याला रुमाल गुंडाळलेला कुणीतरी हमखास म्हणतो, "काय ऊन शे भो! सूर्य कोपलाय नुसता." सूर्यावरचा हा आरोप टिकणारा नाही. वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला त्याचे साधारण १३६१ वॅट पोहोचतात, आणि अकरा वर्षांच्या चक्रात त्यात जेमतेम ०.१ टक्क्याचा फरक पडतो. शिवाय मे महिन्यात पृथ्वी त्याच्यापासून जानेवारीपेक्षा लांब असते! खानदेश तापतो तो किरण सरळ माथ्यावर येतात म्हणून (महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर भरदुपारी सावली पायाखाली जाते), आणि जमिनीत ओल उरलेली नसते म्हणून. सूर्य बिचारा एकसुरी आहे. त्या एकसुरीपणावरच आपण जगतो.

कोपिष्ट तारा पाहायचा तर प्रॉक्झिमा सेंटॉरी. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, ४.२४ प्रकाशवर्षांवर, वस्तुमान सूर्याच्या सुमारे एक-अष्टमांश. २०१६ मध्ये त्याचा एक ग्रह जाहीर झाला. त्याला एका फेरीला ११.२ दिवस लागतात. तारा इतका मंद, की पाणी द्रवरूप राहण्याइतकी ऊब मिळवायला ग्रहाला पृथ्वी-सूर्य अंतराच्या एक-विसांशावर बसावं लागतं. कागदावर तो राहण्याजोगा ठरतो. पण अंतर वीसपट कमी म्हणजे ताऱ्यावर सूर्यावरच्याएवढीच ज्वाला (ऊर्जेचा अचानक भडका) उसळली तरी मारा वीस गुणिले वीस, म्हणजे चारशेपट. आणि ज्वालाही लहानसहान नसतात: १ मे २०१९ ला हा तारा काही सेकंदांत अतिनील प्रकाशात सुमारे १४,००० पट उजळला होता.

असे छोटे, मंद तारे, म्हणजे लाल बटू, आतून पूर्ण घुसळत असतात. त्यांचं चुंबकीय क्षेत्र पिळत जातं, तुटतं, पुन्हा जुळतं, आणि दर तुटण्याला ज्वाला उसळते. सूर्यही तरुणपणी असाच दांडगा होता; स्वतःभोवती फिरण्याचा वेग मंदावला तसा निवळला. लाल बटू ताऱ्यांना निवळायला अब्जावधी वर्षं लागू शकतात.

मग ग्रहाला वाचवायचं कसं? चुंबकीय क्षेत्र असलं की झालं, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. रावेर-यावलकडे केळीच्या बांधावर शेवरी किंवा गजराज गवत दाट लावतात. ते उष्ण वारा अडवतं, ऊन नाही. चुंबकीय क्षेत्रही बरेचसे विद्युतभारित कण वळवतं, अतिनील आणि क्ष-किरणांना मात्र मोकळी वाट देतं. या किरणांनी वरचं वातावरण तापून फुगतं आणि पाण्यातला हायड्रोजन निसटतो, म्हणजे हळूहळू पाणीच जातं. जे कण आत शिरतात ते नायट्रोजनची ऑक्साइडं तयार करतात, आणि ती ओझोन खातात. एका तडाख्यातून ओझोन काही वर्षांत सावरू शकतो. तडाखे लागोपाठ बसत राहिले तर सावरायला फुरसतच मिळत नाही.

हे दुरून तपासणंही सोपं नाही. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना त्याच्या वातावरणातून गाळून आलेल्या प्रकाशात वाफेची खूण शोधतात. पण लाल बटूंवरचे डाग इतके थंड असतात की त्यांच्यातच पाण्याची वाफ असू शकते. २०२३ मध्ये ग्लीझ ४८६ बी या ग्रहाजवळ जेम्स वेब दुर्बिणीला तशी खूण दिसली, आणि ती ग्रहाची की ताऱ्याच्या डागांची, हे त्या निरीक्षणांवरून ठरवता आलं नाही.